मांजराचा ओरखडा आणि शिक्षकांचे कर्तव्य

खेड्यातील घरात मांजर बहुधा न बोलावता येते आणि घरचेच होऊन राहते. कणगीतल्या धान्याची उंदरांपासून राखण ते करते. त्याबद्दल शिंक्यावरच्या दुधाचा हिशेब घरधनीण फारसा ठेवीत नाही. मुलांचा तर ते खेळगडीच असते. भाटी व्यायली की तिची पिल्ले दप्तरात घालून शाळेत आणणारी मुलेही आढळतात. शाळांतून पोषण आहार शिजू लागल्यापासून धान्याच्या खोलीच्या आसपास मांजरांचा वावर असतो, आणि मधल्या सुट्टीत खिचडीचा एखादा घास त्यांच्यापुढे टाकण्याची मुलांना हौस वाटते.

अशा लळ्याच्या प्राण्याने बोचकारले तर ते कोणी मनावर घेत नाही. कुत्रा चावला म्हणजे घरात धावपळ उडते. मांजराने ओरबाडले तर ‘तू त्याच्या वाटेला का गेलास?’ एवढेच विचारले जाते. जखमेवर चिमूटभर हळद चेपली की विषय संपतो. बहुतेक ओरखडे चार-आठ दिवसांत भरून येतात हे खरे आहे. परंतु सगळेच ओरखडे तसे नसतात, आणि कोणता ओरखडा निरुपद्रवी व कोणता घातक हे नुसते पाहून ओळखण्याचे साधन पालकांपाशी नाही व शिक्षकांपाशीही नाही. म्हणून अशा प्रसंगी करावयाच्या गोष्टी आधीच ठरलेल्या असल्या पाहिजेत. त्या कोणत्या व का करावयाच्या, हे शिक्षक बंधुभगिनींपुढे मांडावे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिक्षकांनी हे का जाणावे?

एखाद्या सकाळी तिसरीतली एक मुलगी वर्गात येते. पाटीवर लिहिताना ती उजवा हात ओढणीखाली झाकून घेते. जवळ जाऊन पाहिले तर मनगटावर तीन लांब तांबड्या रेघा, त्यांपैकी एकीवर रक्त सुकलेले. ‘काय झाले?’ म्हणून विचारले तर ती ‘काटा लागला’ असे सांगते. दुसऱ्यांदा मायेने विचारल्यावर खरी हकीकत बाहेर येते. काल संध्याकाळी घरच्या मांजराने ओरबाडले. आईला सांगितले तर ती मांजराला नदीपलीकडे सोडून देईल, आणि दवाखान्यात नेले तर पोटात सुया टोचतील, अशी तिला भीती वाटते.

या प्रसंगात नवल वाटावे असे काही नाही. मुले जखम लपवितात ती तीन कारणांनी: रागावणे, सुई आणि लाडक्या प्राण्याचा विरह. घरातील माणसे पहाटेपासून शेताच्या कामाला गेलेली असतात. त्यामुळे मुलाचा हात दिवसाच्या उजेडात नीट पाहणारे पहिले वडीलधारे माणूस पुष्कळदा शिक्षकच असतात. पुढील उपचार डॉक्टर करतील. परंतु जखम उघडकीस आणणे व ती ताबडतोब धुणे ही दोन कामे शिक्षकांच्या हातची आहेत, आणि उपचाराचा मोठा भाग याच दोन कामांवर अवलंबून असतो.

ओरखड्यातून शरीरात काय शिरते?

मांजराचे नख अणकुचीदार व वाकडे असते. एरवी ते पंजात मिटलेले असते. भय वा राग आला की बाहेर येते. त्याने झालेली जखम वरून अरुंद दिसली तरी कातडीच्या आत खोल जाऊ शकते, आणि तिचे तोंड लवकर मिटते. वरवर रक्त थांबले म्हणजे जखम स्वच्छ झाली असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. अशा जखमेतून मुख्यतः चार प्रकारचे उपद्रव संभवतात.

पहिला व सर्वांत भयंकर उपद्रव अलर्क रोगाचा, म्हणजेच रेबीजचा होय. या रोगाचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात. माणसाला हा रोग बहुतांशी कुत्र्यामुळे होतो. परंतु पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले मांजरही पिसाळते. मांजर दिवसातून अनेक वेळा आपले पंजे चाटते, त्यामुळे त्याची लाळ नखांना लागलेली असते. चाव्याच्या मानाने ओरखड्यातून हा रोग होण्याचा संभव पुष्कळच कमी असला तरी तो नाहीच असे म्हणता येत नाही. शरीरात शिरलेले विषाणू मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला बहुधा दोन ते तीन महिने लागतात. क्वचित एखादा आठवडा, तर क्वचित वर्षही लागते. विषाणू मेंदूत पोहोचून रोगाची लक्षणे दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. उलट, लक्षणांपूर्वी वेळेवर व पूर्ण उपचार झाले तर हा रोग टाळता येतो. इतका घातक आणि तरीही इतका टाळता येण्याजोगा रोग दुसरा क्वचितच सापडेल.

दुसरा उपद्रव धनुर्वाताचा. याचे जंतू मातीत व शेणखतात असतात. मांजर मातीत उकरते, म्हणून त्याच्या नखांबरोबर ते जखमेत जाऊ शकतात.

तिसरा उपद्रव साध्या पूयजंतूंचा. जखमेभोवती लाली, सूज, ठणका व पू ही त्याची चिन्हे होत. मांजराच्या तोंडात राहणारे काही जंतू असे आहेत की, त्यांच्यामुळे एका दिवसाच्या आतच जखमेची जागा सुजून तांबडीलाल होते.

चौथा उपद्रव आपल्याकडे फारसा परिचित नाही. त्याला ‘मांजराच्या ओरखड्याचा रोग’ असेच नाव आहे. रोबेर देब्रे या फ्रेंच बालरोगतज्ज्ञांनी १९५० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘बार्टोनेला हेन्सेली’ नावाच्या जंतूमुळे तो होतो. एका मांजरापासून दुसऱ्या मांजराकडे हे जंतू पिसवा नेतात; पिसवांची घाण मांजराच्या नखांत अडकते व ओरखड्याबरोबर माणसाच्या कातडीत जाते. मोठ्या मांजरापेक्षा पिल्लांपासून हा रोग होण्याचा संभव अधिक असतो. आपली मुले खेळतात तीही पिल्लांशीच.

पहिली पंधरा मिनिटे

ओरखडा आढळला की सर्वांत आधी जखम धुवावी. दवाखाना दोन मैलांवर असो वा वीस मैलांवर, धुण्यापूर्वी निघू नये.

मुलाला नळाखाली बसवावे. नळ नसल्यास दुसऱ्याने तांब्याने पाण्याची धार धरावी. भरपूर साबण लावून जखम वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. साबण अंगाचा असो वा कपड्याच्या वडीचा, त्याने बिघडत नाही. अलर्क रोगाच्या विषाणूभोवती चरबीसारख्या द्रव्याचे पातळ आवरण असते. साबणाने ते विरघळते व विषाणू निकामी होतो. राहिलेले विषाणू पाण्याच्या धारेने वाहून जातात. विषाणू मज्जातंतूत शिरण्यापूर्वी जखमेतच त्याचा नाश करण्याची संधी या पंधरा मिनिटांत असते.

पंधरा मिनिटे हा काळ ऐकण्यात थोडा व धुण्यात फार मोठा वाटतो. दोन मिनिटांनी मूल कंटाळते, आणि धुणाराही ‘झाले आता’ असे म्हणतो. म्हणून घड्याळ समोर ठेवावे. मुलाला पाढे म्हणावयास लावावेत किंवा एखादी गोष्ट सांगावी. त्याचे मन रमते व वेळही भरतो. जखम खसखसून घासू नये, कारण त्यामुळे कातडी अधिक फाटते. बोटांच्या हलक्या स्पर्शाने फेस आतपर्यंत पोहोचवावा. धुणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला चीर वा जखम असल्यास त्याने रबरी हातमोजे घालावेत. ते नसतील तर हाताला प्लास्टिकची स्वच्छ पिशवी बांधावी. काम झाल्यावर आपले हातही साबणाने धुवावेत.

ओरखडा डोळ्याला लागला असेल तर मात्र साबण वापरू नये. नुसत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, तो चोळू देऊ नये, आणि मुलाला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावे.

धुऊन झाल्यावर जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण लावावे. जखम शक्यतो उघडी ठेवावी. घट्ट पट्टी बांधू नये. रक्त थांबतच नसेल तर स्वच्छ कापडाने थोडा वेळ दाबून धरावे.

मुलाने जखम दोन किंवा पाच दिवसांनी दाखविली तर काय करावे, असा प्रश्न येईल. तेव्हाही हाच क्रम पाळावा: जखम धुवावी आणि दवाखान्यात न्यावे. ‘आता उशीर झाला, काय उपयोग?’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. विषाणूच्या प्रवासाला वेळ लागतो, म्हणून उशिरा सुरू केलेला उपचारही केलाच पाहिजे.

जखमेवर काय लावू नये?

आपल्या गावांतून अशा जखमेवर हळद, तिखट, मीठ, चुना, तंबाखू, कोळशाची पूड, झाडपाल्याचा रस, रॉकेल, किंबहुना शेणही लावण्याची चाल आहे. कोठे बिब्याने वा तापलेल्या लोखंडाने डागही देतात. यांपैकी कशानेही विषाणू मरत नाही. तिखट-चुन्याने कातडी भाजते व जखम आतून खरवडली जाते. मातीने वा शेणाने धनुर्वाताला आयते निमंत्रण मिळते. सर्वांत मोठे नुकसान असे की, काहीतरी उपाय झाला या समाधानात घरची माणसे धुणे व दवाखाना दोन्ही विसरतात.

हीच गोष्ट अंगारा, गंडा-दोरा व मंत्र यांची. येथे शिक्षकांनी वाद घालून माणसे दुखावू नयेत. ज्यांना दोरा बांधावयाचा आहे त्यांना एवढेच सांगावे की, आधी जखम धुवा, सुई घ्या, आणि मग तुमच्या मनाप्रमाणे करा. श्रद्धेशी भांडण करण्यात दिवस घालविण्यापेक्षा मूल दवाखान्यात पोहोचणे महत्त्वाचे आहे.

दवाखान्यातील उपचार

जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रसंगांचे तीन वर्ग पाडले असून आपल्या देशातील उपचारही त्यांना धरूनच होतात. जनावराला नुसता स्पर्श झाला, त्याला खाऊ घातले किंवा त्याने धड कातडी चाटली, तर तो पहिला वर्ग. त्यात हात धुण्यापलीकडे उपचार लागत नाही. रक्त न आलेला लहान ओरखडा हा दुसरा वर्ग. यात जखम धुणे आणि प्रतिबंधक लस आवश्यक असते. कातडी भेदून रक्त आले, किंवा फाटलेल्या कातडीला वा तोंडा-डोळ्यांच्या आतील नाजूक त्वचेला लाळ लागली, तर तो तिसरा वर्ग होय. यात लसीबरोबरच जखमेत व जखमेभोवती प्रतिपिंडांची सुई द्यावी लागते. लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढ्या काळासाठी ही तयार प्रतिपिंडे पहारा करतात. चेहरा, डोके, मान व हाताची बोटे यांवरील जखमा अधिक गंभीर समजाव्यात, कारण तेथे मज्जातंतूंचे जाळे दाट असते, आणि डोक्या-मानेपासून तर मेंदूही जवळ असतो.

कोणत्या वर्गाचा उपचार द्यावयाचा हे डॉक्टर ठरवितात. शिक्षकांनी ‘मांजर घरचेच आहे’, ‘मुलानेच खोडी काढली होती’ अशा कारणांनी तो निर्णय स्वतःच्या डोक्यावर घेऊ नये. खोडी काढल्यामुळे मांजराने ओरबाडले असले तरी उपचार टाळण्यास ते कारण पुरेसे नाही. मांजराला लस टोचलेली असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे; परंतु तेवढ्यावरून घरी बसू नये.

अलर्क रोगाची लस शासकीय दवाखान्यांतून विनामूल्य मिळते. प्रतिपिंडांची सुई मात्र प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असे नाही. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात वा जिल्हा रुग्णालयात जावे लागते. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्राला दूरध्वनी करून चौकशी केल्यास गरीब पालकांचा हेलपाटा व एक दिवसाची मजुरी वाचते. त्याच वेळी मुलाला धनुर्वाताची लस केव्हा टोचली होती हेही सांगावे. नेहमीच्या लसीकरणात ती पाच, दहा व सोळा वर्षांच्या सुमारास दिली जाते, म्हणून प्राथमिक शाळेतील मुलांच्या बाबतीत ही माहिती घरच्या लसीकरण-पत्रिकेत सापडते.

पोटातल्या चौदा सुयांची भीती

पालक दवाखान्याचे नाव काढताच बिचकतात, यामागे एक जुनी आठवण आहे. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला अलर्क रोगाची लस प्रथम दिली. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला तो मुलगा जगला. पुढे भारतात कसौली येथे १९०० मध्ये पाश्चर संस्था स्थापन झाली, व तेथेच डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये नवी लस तयार केली. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली ही सेम्पल लस आपल्याकडे अनेक दशके वापरात होती. ती पोटात टोचीत, आणि चौदा-चौदा दिवस टोचीत. तिने असंख्य प्राण वाचविले, तसाच तिचा त्रासही मोठा होता. गावातील वृद्धांच्या तोंडी आजही त्या सुयांचे वर्णन ऐकू येते.

ती लस २००४ च्या अखेरीस आपल्या देशात बंद करण्यात आली. आजची लस पेशींच्या संवर्धनातून तयार होते. ती मोठ्यांना दंडात व अगदी लहान मुलांना मांडीत टोचतात. पोटात सुई नाही आणि चौदा दिवसही नाहीत. ही एक गोष्ट पालकसभेत सांगितली तरी पुष्कळांची भीती कमी होईल. लस चालू असताना तेल, आंबट वा मांसाहार वर्ज्य करण्याचेही कारण नाही. मूल शाळेत येऊ शकते, खेळू शकते. त्याच्यापासून इतर मुलांना काही होईल या समजुतीने त्याला वेगळे बसविणे हा त्या मुलावर अन्याय होय.

तारखांचा हिशेब

पहिली सुई बहुतेक जण घेतात. पुढच्या सुया चुकतात, कारण तोवर जखम भरलेली असते, पेरणी वा कापणी चालू असते आणि भीती ओसरलेली असते. परंतु अपुरी लस म्हणजे अपुरे संरक्षण.

लस देण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. कातडीत टोचावयाच्या पद्धतीत शून्य, तीन, सात व अठ्ठावीस या दिवशी सुया देतात. स्नायूत टोचावयाच्या पद्धतीत शून्य, तीन, सात, चौदा व अठ्ठावीस हे दिवस असतात. येथे गोंधळ होतो तो ‘शून्य’ दिवसामुळे. ज्या दिवशी पहिली सुई दिली तो शून्य दिवस. तेथून पुढे मोजावयाचे. समजा, पहिली सुई १ जुलै रोजी दिली, तर दुसरी ४ जुलैला, तिसरी ८ जुलैला आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची २९ जुलैला येते. स्नायूतील पद्धत असेल तर मध्ये १५ जुलैची सुई वाढते. दवाखान्याने दिलेल्या कागदावरील तारखा शिक्षकांनी आपल्या वहीत उतरून घ्याव्यात, आणि आदल्या दिवशी मुलाच्या हाती पालकांना चिठ्ठी द्यावी. एखादी तारीख चुकलीच तर लगेच दुसऱ्या दिवशी पाठवावे. तारीख चुकली म्हणून उपचार सोडून देऊ नये. ज्या मुलाने पूर्वी हा संपूर्ण क्रम घेतला आहे, त्याला पुन्हा ओरखडा झाल्यास सामान्यतः दोनच सुया लागतात, म्हणून जुना कागद जपून ठेवण्यास सांगावे.

मांजराचे काय करावे?

रागाच्या भरात मांजराला मारणे किंवा गावाबाहेर सोडून देणे ही दुहेरी चूक आहे. ओरबाडण्याच्या वेळी मांजराच्या लाळेत अलर्काचे विषाणू असतील तर ते दहा दिवसांच्या आत आजारी पडते व मरते. म्हणून मांजर डोळ्यांपुढे असले पाहिजे. दहा दिवस ते धडधाकट राहिले, तर त्या आधारे डॉक्टर पुढील सुया थांबवू शकतात. परंतु दहा दिवस वाट पाहून मग पहिली सुई घेऊ, असे कधीही करू नये. सुई आधी सुरू करावी आणि मांजरावर लक्ष ठेवावे.

या दहा दिवसांत मांजर अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसू लागले, विनाकारण अंगावर येऊ लागले, त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला, गिळता येईना, चालताना पाय लटपटू लागले किंवा ते मेले, तर तत्काळ डॉक्टरांना व पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. मेलेल्या मांजराला उघड्या हातांनी शिवू नये. मांजर भटके असून पुन्हा दिसले नाही, तर ते पिसाळलेलेच होते असे धरून उपचार पूर्ण करावा.

घरच्या मांजराला तीन महिन्यांच्या वयानंतर अलर्क-प्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पशुवैद्यांच्या सल्ल्याप्रमाणे ती पुन्हा देत जावी. वर उल्लेखिलेल्या मुलीला आपले मांजर घरातच राहावे असे वाटते ना? मग तिच्या पालकांना हाच मार्ग सांगावा. प्राण्याला घालवून देण्याऐवजी त्याला लस टोचली तर मुलीलाही पुढच्या वेळी सत्य सांगण्याची भीती वाटणार नाही.

पुढील काही आठवडे

लस सुरू झाली म्हणजे लक्ष काढून घ्यावे असे नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत जखमेभोवतीची लाली पसरू लागली, ठणका वाढला, पू आला वा ताप भरला, तर मुलाला पुन्हा दवाखान्यात पाठवावे.

त्यानंतर एक ते तीन आठवड्यांत काखेत, मानेत किंवा जांघेत अवधाण आले, म्हणजेच दुखरी गाठ उठली, तर वर सांगितलेल्या चौथ्या उपद्रवाची आठवण ठेवावी. हाताला ओरखडा असेल तर गाठ काखेत येते. पायाला असेल तर जांघेत. तत्पूर्वी जखमेच्या जागी बारीक तांबडी पुळी उठलेली असते व अंगात थोडी कसकस असते. बहुतेक मुले काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. तरीही डॉक्टरांना दाखवावे. गाठ घरी दाबू नये, शेकून फोडू नये. आपल्याकडे मानेतील गाठ म्हटली की क्षयाची शंका प्रथम येते व ती योग्यच आहे. परंतु महिन्यापूर्वी मांजराने ओरबाडले होते ही माहिती सांगितल्यास डॉक्टरांचा तपास सोपा होतो. ती माहिती पालक विसरलेले असतात. शिक्षकांच्या वहीत ती सापडते.

शाळेतील तयारी

यासाठी मोठा खर्च नाही. प्रथमोपचार-पेटीत साबणाच्या दोन वड्या, पोव्हिडोन आयोडीनची बाटली, स्वच्छ जाळीदार कापड व रबरी हातमोजे असावेत. औषधाच्या बाटलीवरील मुदतीची तारीख प्रत्येक सत्राच्या प्रारंभी पाहावी. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व पशुवैद्यकीय दवाखाना यांचे दूरध्वनी क्रमांक लिहून चिकटवावेत.

एक साधी वही ठेवावी व तीत प्रत्येक प्रसंगाची नोंद करावी: दिनांक व वेळ, जखम शरीरावर कोठे, रक्त आले की नाही, मांजर घरचे, शेजारचे की भटके, किती वेळ धुतले, पालकांना केव्हा कळविले, सुयांच्या तारखा, आणि दहाव्या दिवशी मांजर कसे आहे. मुलाला एकट्याला दवाखान्यात पाठवू नये. पालक वा शाळेतील कोणी बरोबर असावे.

मुलांना काय शिकवावे?

परिसर अभ्यासाच्या तासाला हा विषय सहज घेता येतो. मांजर खात असताना, झोपले असताना व पिल्लांजवळ असताना त्याला हात लावू नये. शेपूट ओढू नये, कोपऱ्यात कोंडू नये, कुत्र्यासमोर धरू नये. कान मागे पाडून, शेपटी झपझप हलवीत गुरगुरणारे मांजर ‘मला सोडा’ असेच सांगत असते. ते सांगणे मुलांना ओळखता आले पाहिजे. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी जोसेफ माइस्टरची गोष्ट सांगून मुलांकडून हात धुण्याचे प्रात्यक्षिक घड्याळ लावून करवून घ्यावे. पंधरा मिनिटे म्हणजे किती, हे एकदा अनुभवलेले मूल घरी जाऊन आजीलाही सांगेल.

परंतु या सर्वांपेक्षा एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जखम दाखविणाऱ्या मुलाला रागावू नये. एका मुलाला ‘खोड्या काढतोस, बरे झाले’ असे म्हटले की वर्गातली इतर मुले आपापले हात पाठीमागे लपवितात, आणि मग साबण, लस व दवाखाना ही सारी साधने हाताशी असूनही उपयोगी पडत नाहीत. म्हणून उद्या प्रार्थना झाल्यावर मुलांना एवढेच सांगावे: ‘कुत्रा, मांजर वा माकड चावले किंवा त्याने ओरबाडले, तर त्याच दिवशी घरी सांगा आणि शाळेत मला सांगा. मी रागावणार नाही.’ आणि कोणी सांगावयास आले की हातातले काम बाजूला ठेवून त्याला प्रथम नळापाशी न्यावे.